पाच बोल्टवाला एक्सल

वणी,
मृग लागायच्या आधीचा शुक्रवार

प्रिय अंकुर,

पाकीट पाहून तू हसशील. वणीहून तुझं गाव ते केवढंसं लांब, खिशात फोन आहे, आणि अफरोजला पत्र कुठून सुचलं म्हणशील. पण फोनवर तू हल्ली 'बोल लवकर' म्हणतोस आणि मागून तुझ्या त्या नव्या मिस्त्रीचा, रूपसिंगचा आवाज येतो. मग मी सांगायचं ते विसरतो, पाऊसपाण्याचं काहीतरी विचारतो आणि फोन ठेवतो. कागदावर त्याला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून लिहितोय.

सरळच सांगतो, मी जळतोय. नाहिद तर रोज चिडवते. परवा भाकरी वाढता वाढता म्हणाली, काहून इतके जळून राह्यले, तो का तुमची सवत हाय? रूपसिंग मोबाइलवर टाकतो ते सगळे व्हिडिओ मी पाहतो, एकेक दोनदा पाहतो. तुझा ट्रक चिखलातून निघतोय, तुझा ट्रक नाल्यात उतरतोय, आणि शेवटी हा दरवाज्याला टेकून उभा, जसा काही ट्रक यानेच जन्माला घातला. मागच्या व्हिडिओत तू त्याला उस्ताद म्हणालास. राजूरच्या कोळशाच्या गाड्यांचे ड्रायव्हर मला मिस्त्री म्हणतात, गल्लीतले अफरोजभाई म्हणतात. उस्ताद म्हणणारा तू एकटाच होतास, तेही अर्धं चिडवायला. तरी तो शब्द माझा होता. तू तो असा उचलून बोरी अरबहून आलेल्या माणसाला देऊन टाकलास.

तो ट्रक माझ्या शेडमध्ये उभा राहिला, हे त्या व्हिडिओ पाहणाऱ्यांना कोण सांगणार? पाऊस लागला की एसटी बंद, काळी माती चाकाला धरून बसते, आणि जंगलातल्या गावांतली दुकानं मीठ-तेलावाचून ओस पडतात. चारही चाकांनी ओढणारा छोटा ट्रक असला तर आपण माल पोचवू, असं तू म्हणालास तेव्हा सगळे हसले होते. मी हसलो नव्हतो. पुढचा एक्सल आपण दोघांनी बसवला. पाना माझ्या हातात आणि पुढचा नट कोणता ते बोटाने दाखवणारा तू. एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखं. आणि माझ्या शेडचा रिवाज तुला ठाऊक आहे. चाक ज्याने आवळलं त्याने पहिल्या फेरीत गाडीत बसायचं. आपण मुकुटबनपर्यंत जाऊन आलो, तू सगळ्या रस्ताभर बेसूर गात होतास. रूपसिंगने मागचा एक्सल बदलला त्या दिवशीचा व्हिडिओ मी नीट पाहिला. तू गाडीत एकटा. तो मोबाइल धरून बाहेर उभा.

माणूस वाईट नाही, हे मला कबूल आहे. त्याचं वेल्डिंग सुरेख असतं. हे वाक्य लिहिताना माझा हात दुखला, पण खरं ते खरं. चूक त्याची झाली ती भंगार बाजारात सगळ्यांचीच होते. तिथे एक्सल बोल्टांवरून ओळखतात, हा पाचवाला, तो सहावाला. तुझ्या पुढच्या चाकाला पाच बोल्ट, म्हणून त्याने मागेही पाचवाला उचलला आणि जोडी जमली असं समजला. अरे, पाच बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात ते वर्तुळही सारखं लागतं. सहा असते तर समोरासमोरच्या दोन भोकांत टेप धरला की काम झालं. पाचात कोणतंच भोक दुसऱ्याच्या बरोबर समोर येत नाही, म्हणून लोक डोळ्याने अंदाज करतात आणि फसतात. शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून त्यावरून वर्तुळ काढावं लागतं. याचं वर्तुळ बोटभरसुद्धा नाही, जरासंच मोठं निघालं. रिम चढेना, तर यांनी कानस घेऊन रिमची भोकं लांबट केली! चाक चढलं, नट आवळले गेले, तू नारळ फोडलास. पण नटाचं निमुळतं तोंड भोकात बसलंच नव्हतं, नुसतं कडेला टेकलं होतं. मी व्हिडिओ थांबवून पाहिलं आणि म्हटलं, हे सुटणार.

तसंच झालं. तुझ्या घरून प्रेरणाने नाहिदला फोन करून सांगितलं, भरला ट्रक नाल्यातून चढताना मागच्या चाकाचे दोन बोल्ट तुटले आणि गाडी आता तुमच्या अंगणात उभी आहे. मी शेजारीच होतो. माझ्या तोंडून आधी काय निघालं असेल? आवळले कोणी होते? अंकुर धड आहे ना, हे नाहिदने विचारलं. ती अजून माझ्याशी त्यावरून नीट बोलत नाही. मलाही मग तो चढ आठवला, खालचे दगड आठवले. चाक तिथे पूर्ण निघालं असतं तर आज मी हे कोणाला लिहिलं असतं?

प्रेरणा असंही म्हणाली की रूपसिंग आता मध्ये एक जाड लोखंडी चकती घालणार आहे, एका बाजूने एक वर्तुळ, दुसऱ्या बाजूने दुसरं. असल्या चकत्या मिळतात आणि हलक्या गाडीला चालतातही. पण तुझ्या ट्रकवर धान्याची पोती असतात. चाक तेवढं बाहेर सरकेल, सगळा भार बेअरिंगवर तिरका पडेल आणि ऐन पावसात ते निकामी होईल. शिवाय चकतीचे नट चाकाच्या आड जातात, जंगलात ते सैल झाले तर तुला दिसणार तरी कसे? चकती घालू नकोस. माझा राग येऊ दे, पण घालू नकोस.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. फसलेल्या गाड्या ओढायला मी जी जीप नेतो ती तुझ्या ट्रकच्याच घराण्यातली. तिच्या मागच्या एक्सलचे बोल्ट तुझ्या पुढच्याशी तंतोतंत जुळतात, आतल्या गिअरचे दातेही जुळतात. तुझे दोन बोल्ट तुटल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तो काढला. जीप शेडमध्ये दगडांवर उभी आहे आणि गिऱ्हाइकं परत जातात. एक्सल धुऊन, ग्रीस भरून ठेवलाय, आणि फाटकावर गाडी वाजली की मी उठून पाहतो. मला वाटलं होतं, अडचणीत आलास की माझ्याकडे मागायला येशील. तू आला नाहीस. तू रूपसिंगला चकती करायला सांगितलीस. म्हणून हे पत्र. मागायला येत नाहीस तर मीच द्यायला बोलावतोय, लाज सोडून. रूपसिंगला पाठवलंस तर त्याला चहा पाजीन, जेवू घालीन आणि रिकाम्या हाताने परत पाठवीन. तू ये. एकटा ये.

तुझाच,
अफरोज