बयनाबाईचं ताट

हैदराबाद,
३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आईस,
दीपमालाचा सप्रेम जयभीम.

आई, तू जेवतेस केव्हा? ऑफिसात मला विचारलं, तुमच्या घरी कोण कसं जेवतं. बाबा कशाबरोबर कांदा मागतात, प्रितम वरण कसं ओरपतो, सगळं सांगितलं. तुझं ताट मात्र डोळ्यासमोर येईना.

विचारायचं कारण असं की आमची कंपनी मोबाइलवरचा एक खेळ बनवते आहे. त्यात एक गाव, एक घर आणि घरातली माणसं. त्यांना भूक लागते, झोप येते, आणि आपापली वाट शोधत ती फिरत राहतात. पण वागतात मोठी विचित्र. म्हातारा हाताशी असलेल्या खुर्चीवर बसायला सगळ्या घराला वळसा घालून येतो. सून मोरी सोडून ताटं धुवायला गोठ्यात नेते. अशा चुका शोधणं हे माझं काम. ऑफिसात गावाकडची मी एकटीच, म्हणून या घराचा दिवसही मीच आखून द्यायचा आहे. घरातल्या आईचं नाव मी बयनाबाई ठेवलं आणि तिच्या जेवणापुढे लिहिलं, सगळ्यांचं झाल्यावर.

फोनवर विचारणार होते, पण तिथे तू प्रश्न संपायच्या आतच जेवली म्हणून मोकळी होतेस. विहारातल्या वर्गात माझ्याकडून अक्षरं शिकलीस, ती आता कामाला लाव.

तुझ्या मायेची मी कायमची लोभी आहे, हे तुला माहीतच आहे.

तुझी,
दीपमाला

•

इचोडा,
९ ऑगस्ट

चि. दीपमाला हिस,
आईचा जयभीम आन पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र मी एकटीनं वाचलं, प्रितमले हात लावू देला नाई. खेळातल्या म्हाताऱ्याचं वाचून लय हासली. तुहे बाबा अगदी तसेच. चप्पल पायाजवळ राह्यते आन हे घरभर शोधून राह्यले.

एवढं शिकवलं तुले, ते का आईचं ताट पाहाले? मी जेवते बाई. तुहे बाबा इंद्रवेल्लीच्या ऑफिसातून येतात, त्याहिले कधी बस भेटत नाई, आन बस भेटली तं रस्त्यात माणसं भेटतात. प्रितम फोन करते का दुकान बंद केलं, निघालोच, आन धाब्यावर चहा पित उभा राह्यते. दोघाहिचं झालं का मंग मी निवांत बसते. शुगरची गोळी डॉक्टरनं सांगितल्या टायमाले, दिवे लागले का घेते. त्याची फिकीर करू नको.

फोनवर हो म्हणाले सोपं जाते. कागदावर खोटं लिहाले हात वळत नाई, म्हणून सारं लिहिलं.

आमच्यावर जीव लावतच राह्य.

तुही आई,
रुख्मिणी

•

हैदराबाद,
१४ ऑगस्ट

तीर्थरूप आईस,
सप्रेम जयभीम.

काल बयनाबाई मेली.

तिचा मुलगा करण गावातून घरी निघाला आणि बोअरवेल नि कडुलिंबाचं झाड यांच्या मधल्या फटीत अडकला. पाय चालत होते, पण तो जागच्या जागी. इकडे बयनाबाईनं स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, करणचं ताट झाकलं आणि दारात जाऊन उभी राहिली. परत आली, ताट पाहिलं, पुन्हा दारात. असं करता करता चुलीवर भरलं पातेलं असताना ती भुकेनं पडली. ऑफिसात सगळे हसले. आधी मीही हसले. शेजारी बसणारा राजकुमार म्हणाला की हे असंच राहू दे, लोक व्हिडिओ करून एकमेकांना पाठवतील.

मग खोलीवर येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. त्यातलं गोळीचं वाक्य मी पहिल्यांदा नुसतं वाचून सोडलं होतं. आज दवाखान्यात जाऊन विचारून आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ही गोळी घेतली की लगेच जेवायलाच हवं, नाहीतर साखर एकदम खाली येते, माणूस उभ्या उभ्या पडतं. आई, तू गोळी घेतेस दिव्याला आणि बसतेस बाबांच्या बसनंतर. मला इथे कामात लक्ष लागत नाही. पडद्यावर कुणी दारात जाऊन उभं राहिलं की मी खेळ थांबवते.

तू आधी जेव. बाबा रागावणार नाहीत, त्यांच्या लक्षातच आलेलं नसेल. माझ्याही आलं नव्हतं.

तुझ्या जिवाला जप, म्हणजे माझ्यावरची माया आपोआप टिकेल.

दीपमाला

•

इचोडा,
२० ऑगस्ट

ताईस,
प्रितमचा जयभीम.

आईनं मले शपथ घातली का ताईले फोनवर काई सांगाचं नाई. पत्राची शपथ नव्हती, म्हणून लिहून राह्यलो.

तुहं पत्र यायच्या आधीच, शनिवारी, आई दारात पडली. माही वाट पाहाले गेली होती. बाबा नुकतेच आले होते, त्याहिनं तोंडात साखर घातली तवा डोळे उघडले. डॉक्टरनं इचारलं का जेवल्या होत्या का, तं तिथंबी हो म्हणे. मी धाब्यावर होतो. आता तिकडं पाय वळत नाई.

बाबा लय घाबरले. म्हणाले, आजपासून तू आधी जेव. दोन दिवस जेवली. तिसऱ्या दिवशी ते लवकर घरी आले, आन आई म्हणे, आता तुमी आलेच हा तं तुमी आधी घ्या. बाबा म्हणे, तू घे. दोघंबी ताटासमोर बसून तुमी घ्या, तू घे करून राह्यले, भाकर वातड झाली. मले तं तुह्या खेळातलेच माणसं दिसले. शेवटी बाबाच आधी जेवले. तवापासून पुन्हा तसंच सुरू हाय. मी काई बोललो तं म्हणते, तुमच्या आधी घास उतरत नाई. आता तूच सांग काय करावं.

लहान्यावर लोभ राहू दे, शिव्या घालाच्या असतील त्याबी घाल.

प्रितम

•

हैदराबाद,
२७ ऑगस्ट

तीर्थरूप आईस,
सप्रेम जयभीम.

प्रितमवर रागावू नकोस. त्यानं शपथ मोडलेली नाही, फक्त वळसा घातला.

ऑफिसात करणच्या वाटेतलं झाड हलवलं आणि सगळे म्हणाले, झालं दुरुस्त. मला ते पटेना. आज झाड, उद्या बैलगाडी आडवी येईल, आणि बयनाबाई पुन्हा दारात उभी राहील. राजकुमार म्हणाला की आईनं सगळ्यांनंतर जेवायचा तो नियम काढला तर ते आपल्यातलं घर वाटणार नाही. मी रविवारभर तळमळले. सोमवारी नियम पुसला आणि मग साहेबांना सांगितलं. ते जरा नाराज आहेत. बयनाबाई आता भूक लागली की ताट घेते. करण उशिरा येतो, स्वतः वाढून घेतो. घर मोडलं नाही.

तुझा नियम मात्र मला इथून पुसता येत नाही. म्हणून मीही तोच धरला आहे. सोमवारपासून तुझं ताट संपेपर्यंत मी डबा उघडत नाही. तू बाबांच्या मागून बसलीस, उठलीस, प्रितमनं कळवलं, तेव्हा मी जेवले. काल तसंच केलं. बाबांसारखं तुझ्यासमोर तू घे, तू घे मी करणार नाही. मी दूर आहे, माझ्या तोंडात घास कोंबायला तुझा हात इथवर पोचत नाही.

आजही दिवे लागले आहेत. तू गोळी घेतली असशील. माझा डबा शेजारी तसाच आहे, आणि भूक लागली आहे.

माया पातळ करू नकोस, रागाच्या भरातसुद्धा. घरात शेवटची जेवणारी आता तू नाहीस. तुझ्यानंतर मी आहे.

तुझी,
दीपमाला