माप चुकलं म्हणणाऱ्या इंगेलाबाई

टार्निट, मेलबर्न
ऑगस्ट २०२०

प्रिय उल्हास,
सप्रेम नमस्कार.

हातोडीपासून वंचित ठेवलेल्या तमाम बापांनो! ज्या घरात चहा मागता येतो पण खिळा मागता येत नाही, अशा घरांतल्या माझ्या बांधवांनो! (सवयीने अनेकवचन आलं. सध्या श्रोता तू एकटाच.) गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला साधाच निघाला ना? हेमचंद्र सुतार बरा आहे का? तो एकतीस वर्षं माझ्याशी बोलत नाही, तरी महामारीत विचारायला हरकत नाही.

मार्चमध्ये सहा आठवड्यांसाठी शंतनूकडे आलो आणि विमानंच बंद झाली. आता पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, दिवसातून एक तास बाहेर पडायचं. (चाळीस वर्षं श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यानं देणाऱ्याची ही अवस्था.) अशात दुपारच्या टीव्हीवर इंगेलाबाई भेटल्या. स्वीडनच्या. घरं दुरुस्त करून दाखवतात. उल्हास, मी थोरामोठ्यांची चरित्रं कपाटं भरून वाचली, पण अशी कारकीर्द वाचली नाही. सोळाव्या वर्षी बाई बोटींच्या कारखान्यात रंधा मारत होत्या. पुढे एका घरी शूटिंग चाललं असताना निवेदक शिडीवरून पडला आणि दार बसवायला आलेल्या बाईंनाच बोलायला उभं केलं. दार चौकटीत बसेना. बाईंनी कानावरची पेन्सिल काढली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, माझं माप चुकलं. निर्माता तेवढं कापायला निघाला, तर म्हणाल्या, ते कापलंत तर मी चालले. सत्तावीस वर्षं झाली. बाईंचं अजून चुकतं, त्या अजून तेच वाक्य बोलतात आणि सारा देश ऐकतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहा गार झाला.

मग मी पेटलो. सूनबाई मिताली इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ऑफिस करते आणि संध्याकाळी मान धरून बसते. तिला टेबल करून द्यायचं ठरवलं. शंतनू म्हणाला, "बाबा, प्लीज, ऑनलाइन मागवतो ना." त्याला स्वावलंबनावर पंचवीस मिनिटं ऐकवलं. (तो मीटिंगमध्ये होता आणि त्याचा माइक चालू होता. मराठी कोणालाच येत नव्हतं, पण टाळ्या पडल्या म्हणे.) गॅरेजमधल्या जुन्या पलंगाच्या फळ्या काढल्या, माझ्या शेजारी बसून इंगेलाबाई पाहणाऱ्या नऊ वर्षांच्या नातीला, उर्वीला, टेपचं दुसरं टोक धरायला लावलं आणि आठ दिवस खपून टेबल उभं केलं. दोन भिंतींमधल्या कोनाड्यात सरकवायला गेलो, तर जाईना. इथे भिंतीच्या पायथ्याला लाकडी पट्टी असते. ती मी मोजलीच नव्हती.

सगळं घर गोळा झालं. माझं भाषण तयार होतं: टेप सदोष, लाकूड दमट, उर्वीने टोक ढिलं धरलं. एवढ्यात तीच म्हणाली, "आजोबा, धिस इज द बिट व्हेअर यू से इट." (इंगेलाबाईंचं ते वाक्य म्हणायची जागा हीच, असं तिचं म्हणणं.) उल्हास, मोर्च्यात लाठ्या खाताना मी डगमगलो नाही, पण त्या तीन शब्दांआधी मी टेप दोनदा उलगडून पुन्हा गुंडाळली. शेवटी बोललो, माझं माप चुकलं. छप्पर कोसळलं नाही. मिताली हसून म्हणाली, "नो वरीज बाबा, दोन्हीकडून थोडं कापा." पंधरा मिनिटांत टेबल जागेवर बसलं. पंधरा मिनिटं! आणि मी एकतीस वर्षं घालवली.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नरेंद्र

ता. क. टेबल किंचित डुलतं. मितालीने एका पायाखाली माझ्या भाषणांचा संग्रह सारला आहे. उंची बरोबर येते.

ता. क. पुन्हा. वाचनालयाच्या व्यासपीठाची पायरी तुला आठवत असेल. पाहुणे अडखळून पडले आणि मी दीडशे लोकांसमोर हेमचंद्रच्या कारागिरीचे वाभाडे काढले. त्यानंतर गावात त्याला कोणी मोठं काम दिलं नाही. त्या पायरीचं माप मीच एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलं होतं आणि त्याने ते जसंच्या तसं केलं होतं. हे त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. त्या दीडशे जणांना नाही. म्हणून फोनवर माफी मागून भागणार नाही. वाचनालय बंद असलं तरी बाहेरचा फळा रस्त्यावरच आहे. मास्क लाव, खडू घे, आजच जा आणि मोठ्या अक्षरांत लिही: 'पायरीचं माप नरेंद्रने चुकीचं दिलं होतं.' त्यापुढे माझ्या बाजूने एक शब्दही घालू नकोस.