पुलाखाली सुटलेली पट्टी

सर, आज तुम्ही चिकटवलेली पट्टी माझ्या हातात आली. शिरूरहून दौंडला जाताना लागणारा ओढ्यावरचा तो लहान पूल. त्याच्या बीमला खालून हातोडीने ठोकत तपासणी चालली होती. खणखणीत आवाज यायला हवा तिथे एकदम भद्द आला. कडेला बोटं घातली, तर कार्बन फायबरची अख्खी पट्टी सालीसारखी सुटून लोंबायला लागली आणि आत बोट जाईल एवढी भेग! घरी येऊन तडक हे पत्र लिहायला घेतलंय.

काँक्रीटचा थकवा मला तुम्हीच शिकवलात. कॉलेजच्या लॅबमध्ये ते यंत्र बीमला सारखं दाबायचं, सोडायचं, आणि तुम्ही म्हणायचात, "एकदाच्या मोठ्या ओझ्याला हे दाद देत नाही गं, रोजच्या ये-जा करणाऱ्या ओझ्याने थकतं." पट्टी लावली की ते पुष्कळ टिकतं, पण गोंद स्थिर राहून सुकला तरच. तोवर वरून सायकलसुद्धा सोडायची नाही, हेही तुमचंच.

आणि या पुलाच्या दुरुस्तीला मला सोबत नेलंत, त्या दिवशी काय केलंत, सर? पट्टी नुकतीच लावलेली, पुलाच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एक आबा हात जोडून तुमच्यापुढे उभे राहतात, "सायेब, तोडलेला ऊस वाळाया लागलाय. सोडा की आता." तुम्ही बॅरिकेड सरकवता. मी म्हणते, सर, गोंद ओला आहे. तुम्ही खेकसता, "त्यांचं वर्ष वाळतंय तिकडं, आणि तुला गोंदाचं पडलंय!" मला तेव्हा तुम्ही देवमाणूस वाटलात. अजूनही वाटता, म्हणून तर जास्त हादरलेय. गोंद हलत्या बीमवर सुकला, धड चिकटलाच नाही. पुढचे सगळे हंगाम ट्रॉल्या त्या भेगेवरून गेल्या. शाळेची गाडीही.

मी लगेच पूल बंद केला. ट्रॅक्टरवाले जमले, चिडले. "म्याडम, आमच्या सायबांनी केल्यालं काम हाय, ह्याला काय बी व्हनार न्हाई," एकजण म्हणाला. "ते असते तर त्यांनी सोडलं असतं आमाला."

असतंच सोडलं तुम्ही. मी म्हटलं, वरून ऑर्डर आहे. वर कुणी नव्हतं, ऑर्डर माझीच होती. पण सरांचं चुकलं, एवढं त्या माणसांसमोर माझ्याच्याने म्हणवलं नाही.