मोहाखाली झोपवलेल्या सायकली

एप्रिल, शनिवार, दिवस बुडताना

सायकली जळाल्या. मोहाच्या झाडाखाली आडव्या करून वर सुका पाला मीच टाकला होता, कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून. पाठीवर ओझं नको म्हणून पाण्याची कॅनही सायकलीलाच बांधून ठेवली. एक बाटली घेऊन दादा आणि मी नाल्यानाल्यानं पडक्या किल्ल्यावर चढलो. उतरलो तर इथे राख. फुलं वेचता यावी म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवून गेलं. आई दरवर्षी हेच करायची. मले काहून नाही आठवलं?

कॅन वितळून चाकाला चिकटली आहे.

दादाला ऊन लागलंय. अंग नुसतं भाजतंय, पाय उचलत नाही. म्हणतो, "तू जाय साकोलीले, मले राहू दे इथंच." कसा जाऊ? मोहाच्या फुलांवर रात्री अस्वल येतं.

बाटली कधीचीच संपली. पुन्हा उलटी करून पाहिली. तळाशी घोटभर तरी... नाही.

पहाटे फुलं पडतील. पाला जाळणारा ती वेचायले येईलच. ज्यानं आमच्या सायकली जाळल्या, त्याचीच वाट पाहून राहिलो. अस्वलाच्या आधी तोच यावा.