टेकडीपेक्षा उंच झाडं

६ ऑगस्ट १९९४, शनिवार
रोपवाटिकेत मोजणी. कडुनिंब बरे, करंज अर्धे मेले. पाचला घरी. मधूच्या नावाचं आंतरदेशीय पत्र आलेलं. साताऱ्याहून, सुभेदार माने. चहा होईपर्यंत तसंच समोर ठेवलं. मग फोडलं.
"मास्तर, तीन महिने झाले, उत्तर नाही. हरल्यावर तोंड लपवायची रीत तुमची नव्हं. घोडेस्वार उचला आणि पुढची चाल कळवा."
मधूला जाऊन मंगळवारी दोन महिने होतील. कळवायच्या माणसांची यादी मीच केली होती. तीत सुभेदार नव्हते. सुचलेच नाहीत.
सुमन म्हणाली, आजच लिहा. लिहिलं. चार ओळी.

७ ऑगस्ट, रविवार
मधूच्या खोलीत बसलो. पत्रांचा गठ्ठा तारखेप्रमाणे लावला. मधूच्या उत्तरांच्या कार्बन प्रतीही आहेत. धाकटा भाऊ दोन वर्षं शेजारच्या खोलीत काय खेळत होता ते आज कळलं.
लढाईचा डाव. एक नकाशा, त्याच्या दोन प्रती. एक टेबल इथं सांगलीत, विश्रामबागेत, तसंच दुसरं साताऱ्याला. सैनिक सुभेदारांनी शिसं ओतून केलेले, इंचभर उंच, अर्धे एस.टी. पार्सलनं आले. चाल पत्रातून कळवायची, दोघांनी आपापल्या टेबलावर ती मांडायची. कुणी मेला तर ज्याचा त्यानं उचलायचा. एकमेकांचं टेबल दोघांनीही कधी पाहिलेलं नाही. सगळा विश्वासाचा मामला.
भांडण एप्रिलअखेरचं. सुभेदारांनी तोफ टेकडीवर चढवली. आमराईमागचे मधूचे बारा घोडेस्वार मेले म्हणून कळवलं. मधूचं उत्तर, २ मे : "तोफेला स्वार दिसत नाहीत. टेकडी सहा इंच, मधली झाडं आठ."
त्यावर सुभेदार : "टेकडीपेक्षा उंच झाड कुठं असतं? तोफ चढल्यावर तुमी झाडं वाढवली. ही लबाडी झाली, मास्तर."
याचं उत्तर गठ्ठ्यात नाही.
मे महिन्यात एकदा जेवताना मधू म्हणाला होता, "दादा, मला लबाड म्हणालेत." मी म्हटलं, पोरखेळ आहे, सोड. ताक न घेता उठला.

९ ऑगस्ट, मंगळवार
दोन महिने. सु.ने पानात त्याच्या आवडीचं वरणफळ वाढलं. ऑफिसात दोनदा एकच बेरीज चुकली.

१४ ऑगस्ट, रविवार
सुभेदार आले. सातारा-सांगली पहिली गाडी. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, मूळचे वडूजकडचे. दारातच टोपी काढली. "मास्तर गेलं आन् मी त्येंला हरलं म्हून लिवतोय." बराच वेळ खुर्चीवर बसले नाहीत.
टेबलाभोवती दोन चकरा मारल्या. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं त्यांचं एक झाड काढलं आणि मधूच्या झाडाशेजारी ठेवलं. तांब्याच्या तारेचं खोड, वर रंगवलेला स्पंज. दोन्ही तशीच. फक्त त्यांचं पावणेचार इंच, मधूचं सव्वाआठ.
"ह्ये झाड हाय का टीव्हीचा मनोरा?"
मी म्हटलं, आंबा आहे. पंचेचाळीस फूट. सैनिक साडेपाच फूट धरला तर सव्वाआठ इंचच येतात. तुमचं झाड वीस फुटांचं झालं.
"मग? माझी बाभळ हाय. वीस फूट लय झालं. तिच्याखाली सात बकरी आन् तीन म्हातारी बसत्यात. आमच्याकडं त्येलाच झाड म्हणत्यात. तुमच्याकडं काय, कुंपणाची कुपाटी?"
सु. आतून हसली. मलाही हसू आलं. जूननंतर पहिल्यांदा असेल.
नकाशावर नुसती हिरवी वर्तुळं आहेत. उंची दोघांनीही लिहिली नाही. एक वडूजचा, एक वाईचा. झाड म्हणजे केवढं, हे विचारायचं असतं असं दोघांच्याही मनात आलं नाही.
जेवल्यावर सुभेदार म्हणाले, "साहेब, मी त्यो शब्द लिवला. लबाडी. मागं घ्यू का नगं, त्येवढं सांगा. तुमी भाऊ हाय. तुमी सांगशिला त्ये खरं."
मी म्हटलं, मधू तसा नव्हता.
"बास. मागं घेतला."
जाताना म्हणाले, ह्यो डाव आर्धा ठिवू नगा. मास्तरच्या जागी तुमी बसा. मला न्हाई येत म्हटलं. "चाली मी शिकवीन. झाडं किती उच्चीची ठेवायची त्येवढं तुमी ठरवून कळवा. झाडांच्या खात्यातलं हाय न्हवं? मी बी तशीच करतो."

१५ ऑगस्ट, सोमवार
झेंडावंदन, साडेआठला परत. दिवसभर टेबलापाशी.
आंब्याला सव्वाआठ बरोबर. पण मग टेकडी? सहा इंच म्हणजे तेहतीस फूट. तीनशे फुटांची टेकडी त्याच मापानं करायची तर टेबलावर साडेचार फूट उभी राहील.
शिवाय नियमात अंतरासाठी एक इंच म्हणजे दहा पावलं. म्हणजे पंचवीस फूट. त्या हिशेबानं आंबा पावणेदोन इंच. सैनिकाच्या जेमतेम दुप्पट.
तिन्ही मापं बरोबर. तिन्ही एका टेबलावर बसत नाहीत.

१८ ऑगस्ट, गुरुवार
पुठ्ठ्याची झाडं कापून पाहिली. दोन, चार, सहा, आठ. दोनची कोथिंबिरीची जुडी वाटते. सहाला तोफेची नजर नेमकी शेंड्यावर घासते, दिसतं म्हणा की नाही म्हणा. आठमध्ये हात जात नाही, स्वार उचलायला गेलो आणि दोन आंबे पाडले.
सु. : "झाडं मोजून भावजी परत येणारेत का?"
लगेच म्हणाली, चुकलं माझं. मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.
झोप नीट नाही. उठून बसायचं, पुन्हा पडायचं.

२० ऑगस्ट, शनिवार
तार शोधायला मधूच्या पलंगाखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात झाडं. चौदा. चार इंची. टेबलावर आंबे चौदाच आहेत.
नवी झाडं रोवायला नवी भोकं पाडावी लागली नाहीत. जुनीच थोडी मोठी केलेली दिसतात.
म्हणजे बदलली होती. सुभेदार म्हणाले ते
सु.ला अजून सांगितलं नाही.

२१ ऑगस्ट, रविवार
ही छोटी झाडं मी पाहिली आहेत. सकाळपासून डोक्यात तेच. शेवटी याच वहीची मागची पानं काढली.
१७ एप्रिल. माझंच अक्षर : "सुट्टी. दुपारी मधूचं टेबल पाहिलं. म्हटलं, ही झाडं की झुडपं? आंबा पाहिलायस ना रे? वाईला घरामागचा होता तो किती उंच होता? मास्तर असून माप कळत नाही."
खाली रोपवाटिकेच्या पाण्याचं लिहिलंय. पुन्हा झाडांचा उल्लेख कुठेही नाही.
तोफ टेकडीवर चढवल्याचं सुभेदारांचं पत्र इथं पोचलं २३ एप्रिलला. पाठीमागं इथल्या पोस्टाचा शिक्का स्पष्ट आहे.
मी बोललो १७ला. तोफ आली २३ला. मधूनं उत्तर लिहिलं २ मेला. झाडं या पंधरा दिवसांत बदलली. तोफ यायच्या आधी बदलली असतील तर माझ्या बोलण्यामुळं. नंतर बदलली असतील तर
नंतर असली तरी माझं बोलणं होतंच की. माप बरोबर करायचं निमित्त मीच दिलेलं.
टेकडीबद्दल मी तेव्हा काहीच बोललो नव्हतो. टेकडीकडं पाहिलंच नव्हतं. मला झाडं तेवढी दिसली.

२२ ऑगस्ट, सोमवार
सु.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, थांबा, माझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू शुक्रवारी होतं, २२ एप्रिल. म्हणजे पत्राच्या आदल्या दिवशी. बायका त्या खोलीतसुद्धा बसल्या होत्या.
मी विचारलं, मग टेबलावर झाडं केवढी होती?
"टेबलावर चादर घातली होती. बायका हात लावतात म्हणून भावजींनीच घातली."
चादर उंच दिसत होती की बसकी?
"आता ते कसं सांगू? मी कैरीची डाळ वाटत होते, पन्हं गाळत होते. चादरीकडं कोण बघतंय?"
पुन्हा विचारलं. उंच असेल म्हणाली. मग म्हणाली, तुम्हाला उंच ऐकायचं असेल तर उंच. खरं विचाराल तर आठवत नाही.

२७ ऑगस्ट, शनिवार
चौथा शनिवार, सुट्टी. ती चादर शोधून काढली. आधी छोट्या झाडांवर घातली, मग मोठ्या झाडांवर. फरक वीतभराचाही नाही. कुणाच्याही लक्षात राहिला नसता.
सुभेदारांचं पत्र आलं. "शब्द मागे घेतल्यापासून हलकं वाटतंय. आमच्या हिनं पण माझी लय खरडपट्टी काढली. झाडांचं काय ठरलं? तोफ तिथंच उभी आहे."
सु. म्हणते, माणूस शब्द मागं घेऊन गेला. तुम्ही आता कशाला उकरताय? भावजींना काय फरक पडणार आहे? आणि सुभेदारांना उगीच ताप.
पटतं. ऑफिसला जाताना पटलेलं असतं. परत येईपर्यंत पटत नाही.
त्यांनी माझ्या शब्दावर शब्द मागं घेतला. डबा सापडायच्या आधीचा माझा शब्द.

३१ ऑगस्ट, बुधवार
टेबलावर छोटी झाडं लावली. डोळा तोफेच्या पातळीला आणून पाहिलं. बाराही स्वार दिसले. शेवटच्याच्या हातातलं निशाणसुद्धा. मधूनंही असंच वाकून पाहिलं असेल.
पाहून मग काय केलं असेल, ते कळत नाही.
वर्गात चुकीचं उत्तर शिकवलं तर दुसऱ्या दिवशी पोरांची माफी मागणारा होता. पण हरायचं त्याला लहानपणापासून आवडत नसे. दोन्ही खरं आहे.
मोठी झाडं परत लावली. पुन्हा काढली. सध्या नुसती भोकं.

३ सप्टेंबर, शनिवार
लिहायला घेतलं. पहिलं फाडलं, त्यात मधूची वकिलीच जास्त होती. दुसरंही फाडलं, ते ऑफिसच्या अहवालासारखं झालं. तिसरं असं :
"सुभेदारसाहेब, सा. न. आपण विचारलंत तेव्हा मी ठाम उत्तर दिलं. ते देण्याइतकं मला माहीत नव्हतं. मधूनं झाडं बदलली होती. जुनी चौदा सापडली, चार इंची. ती लहान आहेत असं त्याला मीच हिणवून सांगितलं होतं, १७ एप्रिलला. तुमचं तोफेचं पत्र २३ला आलं. झाडं दोन्हींच्या मध्ये बदलली की नंतर, हे मला कळलेलं नाही आणि आता कळणारही नाही. तुमचा शब्द काय करायचा ते तुम्ही ठरवा. उंचीचं म्हणाल तर माझं अजून ठरत नाही. तुम्ही झाडं आणि टेकडी दोन्ही एकदम पाहून काय वाटतं ते कळवा. मी नुसती झाडं पाहतो, ही माझी चूक आहे."
सु.ला वाचून दाखवलं. तिनं डिंकाची बाटली आणून समोर ठेवली.

४ सप्टेंबर, रविवार
सु. सकाळी बहिणीकडं मिरजेला गेली. मी कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून आलो. टाकताना हात थांबला, पण मागं एक बाई पाकीट घेऊन उभ्या होत्या. आज रविवार, म्हणजे उद्या निघेल. बुधवारपर्यंत पोचावं.
घरी आलो तर नळाला पाणी आलं होतं, धार बारीक. पिंप विसळलं, भरलं. मग दोन घागरी भरून ठेवल्या.