आईची खोली धरून

ता. ३ ऑक्टोबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

मी बरा आहे. तू तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी. निवृत्तीने शाळा सुटली, मुख्याध्यापिकाबाई आता भिंतींना शिस्त लावत असतील.

नगरपालिकेने कड्यावरच्या घरांसाठी नवा नियम काढला आहे. दर पावसाळ्यानंतर घर आणि कडा यांतलं अंतर मालकाने मोजून कळवायचं. दहा फुटांच्या आत आलेला भाग मालकानेच रिकामा करून उतरवायचा. तो किनाऱ्यावर कोसळला, तर राडारोडा उचलणं आणि कुणाला इजा झाली तर तीही मालकाच्याच माथी. स्वतःच्या मनाने दगड टाकून बांध घालायला बंदी.

तू घाबरण्याआधीच सांगतो. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून टेप लावली, वीस फूट भरलं. सुटलो! कागद सोबत पाठवतो. अर्धं घर तुझ्या नावावर आहे, तेव्हा तुझीही सही लागते. बाकी नेहमीचंच. दिवसभर आईच्या खोलीत बसून वेताच्या खुर्च्या विणतो. समुद्राचा आवाज हल्ली एवढा येतो की रेडिओ लावणं सोडून दिलं.

लोभ आहे तेवढा ठेव, वर एक सही पाठव.
तुझा धाकटा


ता. ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

सही केलेली नाही. पेनाचं टोपण काढलं होतं. मग ‘आईच्या खोलीत बसून’ हे शब्द पुन्हा वाचले आणि टोपण लावून टाकलं. तुझ्या मोजमापात आईची खोली कुठे गेली? स्वयंपाकघराच्या पुढे ती बारा फूट समुद्राकडे आलेली आहे.

तू लबाडी केलीस असं मी म्हणत नाही. बाबांनी ती खोली मागाहून जोडली आणि आपण सगळे ‘घरातून आईच्या खोलीत जा’ असंच म्हणत आलो. तुझे वीस फूट वाचून मीही निर्धास्त झाले होते. पण आपल्या घरात कशाला घर म्हणतात, हे समुद्राला कुणी सांगितलेलं नाही. राहिले आठ फूट, आणि तू तिथे मान खाली घालून विणत बसतोस! पुन्हा मोज, आईची खोली धरून. सामान आजच्या आज आत घे.

लोभ नसता तर एवढं लिहिलं नसतं.
ताई


ता. १६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

आठही भरत नाही. साडेसात.

पण ताई, कागदावर वीसच राहू दे ना. कोण येतंय बघायला? ट्रकवाला म्हणतो, दोन खेपा दगड टाकतो, कडा जागचा हलणार नाही. ती खोली गेली तर आईचं काय उरलं? तिच्या आजारपणात तू रजा मिळेल तशी येऊन जायचीस. मी तिच्या पलंगाशेजारी अंथरूण टाकून असायचो. अजूनही विणताना तिच्याशी बोलतो. वीण सैल पडली की ती टोकते. हसू नकोस. तू कॉलेजात गेलीस, तुला नियम कळतात. मला ती खोली कळते.

एवढं ऐक, मग हवी तेवढी माया पातळ कर.
धाकटा


ता. २२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हसले नाही. दोनदा वाचलं आणि जेवण राहिलं.

दगडांचं नाव काढू नकोस. आपल्यापुढे दगड पडले की लाट बाजूला वळणार आणि शेजारच्या नर्सबाईंचं अंगण पोखरणार. त्यांची दोन्ही मुलं तिथेच खेळतात. बंदी उगाच घातलेली नाही. आणि आई खरंच त्या खोलीत असती, तर जमिनीला पहिला तडा जाताच तिने तुला कान धरून बाहेर काढलं असतं.

तुझ्या कागदावर सही केली नाही. नगरपालिकेला माझ्या सहीने वेगळं पत्र घातलं आहे: अंतर साडेसात फूट, खोली आम्ही उतरवतो. तुला न विचारता. खुशाल रागाव, पण स्वयंपाकघरात बसून रागाव.

तू तिच्यापाशी होतास, हे मी विसरलेले नाही. तू धड राहिलास, तर तिची आठवण काढायला आपण दोघं उरू.

लोभ हवा तर आवर, तब्येत मात्र सांभाळ.
ताई


ता. ३० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. रागावलो होतो, तुझ्या हुकमाप्रमाणे स्वयंपाकघरात बसून.

खोली उतरवली. सुतार होता आणि मी. आधी कौलं, मग वासे, शेवटी भिंती. खिडकी काढायला माझा हात चालेना. सुताराने ती काढली आणि मी डोळे पुसेपर्यंत पाठमोरा उभा राहिला.

मागच्या आठवड्यात वादळ झालं. सकाळी दार उघडलं, तर कड्याचा भला मोठा तुकडा गेलेला. आता कडा थेट खोलीच्या जोत्याला येऊन टेकला आहे. खोली उभी असती तर मीही आत असतो. हे लिहिणार नव्हतो, पण तुझ्यापासून लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

काल नगरपालिकेची मुलगी तपासणीला आली. बारा फूट भरलं. वर्षभर राहा म्हणाली, पुढच्या पावसाळ्यानंतर पाहू. वादळाचा इशारा आला की घरं रिकामी करायची असतात, म्हणून घरात माणसं किती ते विचारलं. मी दोन म्हणून बसलो. जुन्या सवयीने आईला मोजलं असणार. तिने लिहूनही घेतलं. कार्यालयात जाऊन ते खोडून आणायला हवं, पण पाय निघत नाही.

रुसवा संपला, लोभ होता तिथेच आहे.
तुझा धाकटा


ता. ५ डिसेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

कार्यालयात जाऊ नकोस. आकडा बरोबर आहे. इथल्या खोल्या सोडल्या. शनिवारी दुपारच्या गाडीने सामानासकट येते. पुढच्या पावसाळ्यानंतर कुठे जायचं, ते दोघं मिळून ठरवू. मधल्या खोलीतला पसारा आवर. वेताचे तुकडे पायाला टोचलेले मी खपवून घेणार नाही.

लोभाचं काय ते आता समोरासमोर.
ताई