तिळाएवढ्या दाण्याचा पत्रा

३ नोव्हें., सोम.
डोकं फिरलंय. ह्यांच्या मालकाला, अरबाबला, कंपनीच्या पहिल्या पाण्याच्या टँकरचं मॉडेल पाहिजे. ऑफिसात काचेत ठेवायला. दोन महिने आमचे हे तेच करतायत. जानेवारीत साठ होतील. मॅनेजर तोंडावर बोलला, साठच्या पुढे अरबाब ज्याला ठेव म्हणेल त्याचाच व्हिसा. ह्यांचा गेला की माझा गेला, लेकीचा, श्रावणीचा गेला. तिची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. हे सगळं सांगताना हसत होते. लाचारासारखे. वाढलं नाही. घ्या म्हटलं हाताने.

५ नोव्हें.
टाकी झाली, चाकं झाली, आता पत्र्यावर अडलंय. टँकरच्या माथ्यावर माणूस चालतो ती पट्टी. चेकर प्लेट. पाय घसरू नये म्हणून दाणे उठलेले, एक उभा एक आडवा. खरा दाणा बोटाच्या पेराएवढा. मॉडेल दहाव्या हिश्शाचं, म्हणजे दाणा तिळाएवढा. हे मुसफ्फाभर, इथल्या कारखान्यांच्या भागात, फिरले. मोठ्या दाण्याचा पत्रा पाहिजे तेवढा, तिळाचा कोणाकडे नाही. असणार कसा? तिळावर चालतंय कोण.

८ नोव्हें., शनि.
दुबईला गेलो, बसने, मला पण ओढलं. मॉडेलच्या सामानाच्या दुकानात पोरगा म्हणाला प्लास्टिकचा मिळेल, तो पण इंग्लंडहून, सहा आठवडे. हे म्हणाले, "प्लास्टिक? अरबाब नखाने टोकरून बघतो." मग येताना भलताच खडबडीत पत्रा उचलून आणला, जुन्या फ्रिजच्या आत असतो तसा. म्हटलं, "अहो, ही काय चेकर प्लेट आहे? देवी आलेलं तोंड आहे." रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसले. बरं झालं.

९ नोव्हें.
पितळेचा पातळ पत्रा घेऊन स्वतः ठोकायला बसले. हात थरथरतो वर्षभर. कंपनीत माहीत नाही. तीन ठिकाणी फाडला.
"तापवला का आधी?"
"तू गप्प बस. मला पत्रा शिकवू नको."
मी तांबटाची पोर. अण्णांनी चौथीतून काढलं ते भांडी चिंचेने घासायला. मुलींच्या हातात हातोडी देत नव्हते. अण्णा जेवायला गेले की मी घ्यायची. ह्यांना सगळं सांगितलेलं आहे. तीस वर्षांत एकदा तरी विचारलं?

१० नोव्हें.
हे कामावर गेल्यावर पत्रा गॅसवर धरला, लाल झाला, पाण्यात टाकला. कापडासारखा मऊ. श्रावणी ओरडत आली, "मम्मा, द स्मोक अलार्म!" म्हटलं मरो तुझा अलार्म, खिडकी उघड. संध्याकाळी ह्यांना पत्रा वाकवून दाखवला. तसेच उठून वर्कशॉपात गेले आणि खिळा तिळाच्या आकाराचा घासून आणला. मशीनवर तेवढं जमतं अजून. पत्रा जाड रबरावर उलटा ठेवायचा, मागून ठोकायचं, पुढून दाणा उठतो.

१२ नोव्हें.
सकाळभर ठोकलं. उलटून बघते तर दाणे गोल फिरलेले, हंड्याच्या बुडासारखे. आमचा हात मधून सुरू होतो आणि फिरत बाहेर जातो. भांडं असंच ठोके मारून मठारतात. सरळ रेघेत कधी ठोकलंच नाही. संध्याकाळी हे आले आणि पोट धरून हसले, "अगं, टँकर आहे तो, बंब नाही!" हातोडी फेकली. भिंतीवर, त्यांच्यावर नाही. वॉचमन वर आला, खालचे तक्रार करतायत म्हणे. त्याला पण दिलं ऐकवून.

१३ नोव्हें.
नवा पत्रा. ह्यांनी सुट्टी टाकली, स्टीलची पट्टी आडवी बांधली, खिळा तिला टेकवून मारायचा. मी मारते, हे पट्टी सरकवतात. दिवसभर एवढंच बोलणं. "सरकवा." "थांब." "हं." पट्टी सरकवायला हात थरथरला तरी चालतो, स्क्रूने घट्ट करतात. खांदा गेलाय माझा.

१७ नोव्हें.
झाला. उन्हात धरला. वाईट नाही. अण्णांनी काही तरी चूक काढलीच असती.

१९ नोव्हें.
मॉडेल दिलं. अरबाबने पट्टीवर अंगठा फिरवला, चार माणसं बोलावली, विचारलं कोणी केलं. हे म्हणाले, "मी."
घरी मिठाईचा डबा घेऊन आले, तेव्हा मला सांगितलं.
"मग काय सांगू? बायकोने केलं?"
"हो. तेच सांगायचं."
पुढचं ऐका. अरबाब खूश झाला. सोमवारी पाहुणे येतायत, त्यांच्यासमोर वर्कशॉपात ठोकून दाखवायचं. व्हिसाचे कागद मग बघू म्हणाला. डबा फ्रिजवर ठेवला. कोणी हात लावला नाही.

२२ नोव्हें., शनि.
दोन दिवस ह्यांना शिकवतेय. त्यांनी तीन ओळी मारल्या, दाणे मुंग्या पळाल्यासारखे. श्रावणी म्हणाली, "जस्ट टेल देम द ट्रुथ, पप्पा." तिच्यावर ओरडले. मग मला हळूच, "आजारी आहे सांगतो."
"आजारी माणसाचा व्हिसा कोण करणार? नोकरी खलास करतील उद्याच."
एरवी लपवतात तो हात पहिल्यांदा खिशात घातला नाही, टेबलावर तसाच ठेवला.

२३ नोव्हें., रवि.
सकाळी म्हटलं, मी येते उद्या. मी ठोकते, तुम्ही पट्टी सरकवा, घरी सरकवली तशी.
"कोण म्हणून येणार?"
"जिने केलं ती म्हणून."
"वर्कशॉपात बायका जात नाहीत. गेटवर अडवतील. आणि मी खोटं बोललो ते..."
रबर, खिळा, हातोडी पिशवीत भरली. सेफ्टी शूजशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून त्यांचे जुने काढून घालून बघितले. दोन मोजे घातले की बसतात. हे सोफ्यावरून बघतायत. हो म्हणोत, ना म्हणोत, उद्या मी जाणार.